माझं माप नव्वद

किण्.

चमचा काचेला लागला. एवढाच आवाज झाला आणि घर पुन्हा गप्प. रविवार होता, नुकतं उजाडलं होतं. टे नदीवरून चढलेलं धुकं आमच्या नवव्या मजल्याच्या खिडकीला नाक लावून उभं होतं. आई स्वयंपाकघरात चहा ढवळत असणार असं म्हणून मी कूस बदलली. सातव्या महिन्यात कूस बदलणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं. आधी उशी, मग पोट, मग आपण.

माझी लेक मिरन माझ्याकडे पाठ करून झोपली होती. आहे पाच वर्षांची, पण झोपेत तिला अख्खा पलंग लागतो. मी तिच्या केसांत नाक खुपसलं आणि तेवढ्यात जांभई आली. मग दुसरी. मग तिसरी, जबडा निखळेल अशी. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, दंडावर काटा. पिंडऱ्यांत कुणीतरी दोरी पिळत होतं. आणि पोटातलं बाळ थांबायला तयार नव्हतं. ते लाथा मारत नव्हतं, तडफडत होतं. दोन्हींतला फरक कुणाला शिकवावा लागत नाही.

ही लक्षणं मला पाठ आहेत. हेरॉइन सोडलेल्या प्रत्येकाला असतात. मी ते मिरनच्या जन्माआधीच सोडलं, आणि तेव्हापासून रोज मेथाडोन पिते. पातळ, हिरवं औषध. इथे डंडी शहरात सगळे त्याला नुसतं ‘हिरवं’ म्हणतात. ते मला चढत नाही की उडवत नाही. ते मला जमिनीवर ठेवतं. माझं माप नव्वद, म्हणजे दिवसाला नव्वद मिली. हा आकडा सापडायला बरेच महिने गेले होते. साठला घामाने चादर भिजायची. सत्तरला बसमध्ये हात कापायचे. ऐंशीला बरं वाटायचं, पण संध्याकाळ झाली की पाय हेरॉइन मिळायचं त्या जुन्या गल्लीकडे वळायला बघायचे. नव्वदला ती गल्ली नुसती गल्ली झाली. तिथे पोस्टाची पेटी आहे हेसुद्धा मला तेव्हाच दिसलं.

मग आता काय बिघडलं होतं?

“उठलीस का गं?” आई दारात उभी होती. एका हातात चहा, दुसऱ्यात माझी रविवारची बाटली, गळ्यात किल्ली.

किल्लीचं असं आहे. दर सोमवारी मी औषधाच्या दुकानात जाते, त्या दिवसाचं तिथेच सगळ्यांदेखत पिते, आणि पुढच्या सहा दिवसांच्या सहा बाटल्या घरी आणते. बाटल्या घरी मिळणं ही आमच्या लोकांत पदवीच आहे. वर्षानुवर्षं तपासण्या स्वच्छ आल्या तर मिळते. बाटल्या ठेवायच्या कुलुपाच्या पेटीत. माझं पोट दिसायला लागलं तेव्हा मुलांच्या देखभाल खात्यातल्या गिलियनबाई म्हणाल्या, पेटीची किल्ली घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडे असू दे. बाळाचा बाप क्रेग समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, आठवडेच्या आठवडे पाण्यातच. म्हणून माझी आई, सेंगा, दोन पिशव्या आणि एक तवा घेऊन आमच्याकडे राहायला आली.

“चेहरा बघ तुझा,” आई म्हणाली. “उकळून वाळत घातल्यासारखा.”

“मला पुरत नाहीये, आई.”

“काय पुरत नाही?”

“हिरवं. बाळ वाढतं तसं रक्त वाढतं, औषध लवकर संपतं. एलीन सुईणबाईंनी सांगितलं होतं ना. शेवटच्या महिन्यांत वाढवावं लागतं.”

“वाढवायचं? पोटात बाळ असताना? ऐकलंय का कुणी!”

“मी ऐकलंय.”

“तू ऐकशीलच. जास्त प्या म्हणणारा डॉक्टर तुला बरा ऐकू येतो.”

मी बाटली तोंडाला लावली. गोडसर लागलं. पण त्या दिवसांत मला पाव साबणासारखा आणि साबण पावासारखा लागत होता. पोटुशी बाईच्या जिभेवर कोण विश्वास ठेवणार?

मंगळवारी बैठक होती. बाळ जन्मायच्या आधी घेतात ती. बाळ माझ्याबरोबर घरी येणार की नाही, आणि मी इस्पितळात असेन तेव्हा मिरन कुणाजवळ राहणार, हे त्या टेबलाभोवती ठरणार होतं. आणि मी तिथे जांभया देत, नाक पुसत बसणार होते. डॉक्टर ब्लेअरांकडे मी वाढ मागितली होती. ते म्हणाले, “बैठकीतच बोलू.” याचा अर्थ मला लागला होता. ही बाई बाहेरून काही घेतेय का ते आधी बघू, असा तो अर्थ. तपासण्या स्वच्छ होत्या, पण घाम गाळणाऱ्या बाईपुढे तपासणीचं कोण ऐकतं?

सोमवारी चढ चढून दुकानापाशी गेले तर दाराबाहेर डोड. आमच्या रांगेतला सगळ्यात जुना माणूस. दात बरेच गेलेत, जीभ शाबूत आहे.

“कितीवर आहेस गं?” त्याने विचारलं.

बाकीचे लोक भेटले की हवापाणी विचारतात. आमच्या रांगेत आकडा विचारतात. आणि आकडा जितका खाली तितकी मान वर. “मी चाळीसवर आलो,” असं म्हणणाऱ्याची सगळे पाठ थोपटतात, पगार वाढल्यासारखी. त्याचे हात कापतायत, त्याच्या पोटात आठवडाभर अन्न टिकलेलं नाही, हे कुणी बघत नाही.

“नव्वद,” मी म्हणाले. “बहुतेक वाढेल.”

मागच्या बाईने नाक मुरडलं. डोड मात्र माझ्याकडे बघत राहिला. “मागच्या मंगळवारी बागेत पोरीबरोबर पळत होतीस. शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानात दिसलीस तेव्हा वाटलं, आता हिला खांदा द्यायला चौघं शोधावी लागणार. आणि आज तर थेट मढं.”

“पोटुशी आहे मी, डोड.”

“ते दिसतंय की, आंधळा नाही मी. पण माझ्या बायकोला चार झाली, बयो. पोटातल्या पोराला वार कळतात हे मी पहिल्यांदाच बघतोय.”

सगळे हसले. मीही हसले. पण हसू ओसरल्यावर ते वाक्य तिथेच उभं राहिलं.

आत बाजूच्या छोट्या खिडकीपाशी पेट्रीबाईंनी माझं माप पुढे केलं. मी प्याले. मग पाणी. मग त्यांनी नेहमीसारखं म्हटलं, “बोल काहीतरी.” तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकायचं आणि विकायचं, असं करणारे असतात. म्हणून गिळल्यावर चार शब्द बोलून दाखवायचे, ही पद्धत. कुणी हवेबद्दल बोलतं, डोड शिवी देतो. मी तोंडात आलं ते बोलले.

“कडू आहे हो.”

“नेहमीचंच आहे.”

“घरचं गोड लागतं.”

पेट्रीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “घरचं काय नि इथलं काय, सगळं एकाच बाटल्यातून मोजते मी, लॉर्ना.”

मी सहा बाटल्या पिशवीत घालून उतार उतरले. त्या दुपारी माझं नाक थांबलं. पिंडऱ्या सैल झाल्या. बाळ एकदा वळलं आणि निजलं. मिरन शाळेतून आली तेव्हा मी जमिनीवर बसून तिच्याबरोबर ठोकळ्यांचा पूल बांधला, दोन्ही टोकं जुळेपर्यंत. आई दारातून बघत होती. “बघ, आज किती छान आहेस,” ती म्हणाली. “हळूहळू सवय होतेय तुला.”

कसली सवय, हे मी तिला तेव्हा विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी मी जागीच होते. मिरनचा श्वास ऐकत, डोळे उघडे ठेवून. आणि आवाज आला. किण्.

माझी आई चहात साखर घेत नाही. कधीच घेत नव्हती. मग ती ढवळतेय काय?

मी अनवाणी गेले. ओट्यावर माझी मंगळवारची बाटली उघडी होती. शेजारी चमचा, आणि मिरनच्या लिंबू सरबताची बाटली. मोरीत एक हिरवा ओघळ गेला होता, अजून ओला.

आई दचकलीसुद्धा नाही. “दार लोट,” ती म्हणाली, “पोर उठेल.”

“किती चमचे?”

“काय?”

“रोज किती चमचे काढतेस, आई?”

“सुरुवातीला एकच काढत होते.” तिचा आवाज खाली गेला नव्हता. उलट त्यात एक जपून ठेवलेला अभिमान होता. “मग दोन. एकदम नाही उतरवलं तुला. आता सहा काढते, नि तेवढं सरबत घालते. तुला कळलंसुद्धा नाही.”

चमचा पाच मिलीचा. सहा म्हणजे तीस. मी साठवर होते.

“कळलं नाही? मी संडासाच्या फरशीवर झोपत होते!”

“दिवस गेले की बायका कुठेही झोपतात.”

“आई!”

“ओरडू नकोस. तुझ्या बापाची व्हिस्की मी अशीच उतरवली. रोज थोडा गार चहा. मरेपर्यंत पत्ता लागला नाही त्याला. आपल्या जिन्यावरच्या घरांतल्या सगळ्या बायका असंच करायच्या. शेजारच्या जीनचं बघ, तिने तर नवऱ्याला शेवटी निव्वळ चहाच पाजला, आणि तो झिंगून गाणी म्हणायचा. तशी बाटली उतरवली म्हणून तुझ्या अंगाला बापाचा हात लागला नाही. विसरलीस?”

विसरले नव्हते. त्या जिन्यातल्या बायकांनी आपापली घरं गार चहावर तोलून धरली होती. नवरे घोरत असताना, हलक्या हाताने. मला त्यांचा आदर आहे, आजही आहे. पण ओट्यावर उघडी पडलेली ती बाटली माझी होती.

“ती दारू होती. हे औषध आहे.”

“बाटलीतलं ते बाटलीतलं.”

“ऐक. सोमवारी मी दुकानात पुरतं नव्वद पिते. घरी साठ, आणि मध्येच नव्वद. तू अशीच उतरवत तीसवर, वीसवर नेलं असतंस ना, तर सवय मोडलेल्या अंगात एकदम नव्वद गेल्यावर एखाद्या सोमवारी मी दुपारी आडवी झाले असते ती उठलेच नसते. मिरन शेजारी ठोकळे मांडत बसली असती.”

पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तिने ओट्याची कड धरली. एवढं तिला माहीत नव्हतं. गार चहाने कुणी मरत नाही.

पण सेंगा ती सेंगाच. श्वास घेतला आणि पुन्हा उभी राहिली. “मिरनचं बोलतेस? मग मीही मिरनचंच बोलते. तू टाके घालून पडली होतीस. मी होते तिच्यापाशी, इस्पितळातल्या त्या काचेच्या पेटीपाशी. एवढीशी होती. हनुवटी कापायची, मुठी कापायच्या, अख्खी थरथरायची. आणि ते रडणं. मांजर कुठेतरी अडकल्यासारखं. मी हात घालून तिची पावलं धरून बसायचे. पुन्हा नाही बघणार मी ते. तुला चमच्याने उतरवीन, शिव्या खाईन, पण बघणार नाही.”

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ हलत होते. मला तिला मिठी मारायची होती आणि तिचा चमचा खिडकीबाहेर भिरकवायचा होता. दोन्ही एकदम.

“एलीनबाईंनी तुझ्यासमोर सांगितलं होतं,” मी म्हणाले. “बाळ थरथरायचं असलं तर थरथरतं. आईचा आकडा कमी म्हणून त्याचा त्रास कमी होतोच असं नाही. पण मी आत्ता तडफडले की ते आत तडफडतं, हे नक्की. आणि मी पडले तर? पुन्हा त्या गल्लीत गेले तर? मग त्याला कोण?”

“आज सांगणार आहेस त्यांना?”

“हो.”

“मग तू बाळंतपणाला गेलीस की मिरनला परक्यांच्या घरी ठेवतील.” ती धमकावत नव्हती. जे होईल ते सांगत होती. “किल्ली ज्या बाईकडे दिली तिनेच पेटी उघडली. दुसरं काय करतील ते?”

मी बाटलीला झाकण लावलं आणि पिशवीत टाकली, न पिता. सोमवारचं अजून अंगात होतं, तेवढ्यावर बैठकीपर्यंत तग धरला असता. दरवाजा किलकिला होता. मी खोलीत गेले तेव्हा मिरन पांघरुणात होती, डोळे घट्ट मिटलेले. झोपलेल्या मुलांचे डोळे इतके घट्ट नसतात, हे मला कळायला हवं होतं.

बैठकीच्या खोलीत बिस्किटं होती. कुणी खात नव्हतं. गिलियनबाई, डॉक्टर ब्लेअर, एलीन सुईणबाई, आणि मी. आई शेजारी बसली, पाठ ताठ, पर्स मांडीवर, कोट न काढता. मी बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. चमचे, सरबत, वार. आवाज कापू नये म्हणून मी टेबलाखाली बाळाच्या टाचेवर हात ठेवला होता.

सगळे आईकडे वळले.

“मी केलं,” आई म्हणाली. “शंभरदा विचारलंत तरी तेच सांगेन.”

गिलियनबाईंनी पेन खाली ठेवलं. डॉक्टर ब्लेअर, तरुण आहेत, चांगले आहेत, बाटली हातात घेऊन उजेडात धरून बघत होते. मग ते म्हणाले, “म्हणजे घरचे सहाही दिवस तुम्ही साठवरच होतात.”

“हो.”

“जे झालं ते भयंकर आहे. पण एका अर्थी,” ते जरा पुढे झुकले, “तुम्ही निभावलंत ना? मग आता पुन्हा वर कशाला जायचं? साठवरच स्थिर राहू. बाळाच्या दृष्टीनेही…”

गिलियनबाईंचा चेहरा उजळला. “आणि कागदावरही ते चांगलं दिसेल, लॉर्ना. तीसने खाली. बाळ घरी पाठवायला मला मोठा आधार होईल.”

आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जिंकल्याचं नव्हतं, विनवणी होती. अख्खी खोली मला साठ देऊ करत होती. मी नुसती मान डोलावली असती तर आईचा गुन्हा निम्मा धुतला गेला असता, मी शहाणी ठरले असते, रांगेत डोडने पाठ थोपटली असती. बाळ घरी. मिरन घरी. फक्त मी फरशीवर.

“नाही,” मी म्हणाले.

“लॉर्ना, जरा विचार…”

“विचार करूनच बोलतेय. मी निभावलं नाही, मी सोसलं. सातच्या मापाचा पाय पाचच्या बुटात कोंबून मी इथवर लंगडत आले, म्हणून माझं माप पाच होत नाही. गेल्या गुरुवारी मिरनला शाळेत सोडून परत येताना मी त्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. ऐकताय ना? आत गेले नाही. पण उभी राहिले. मिरन झाल्यापासून पहिल्यांदा. तुमचं साठ मला तिथे नेऊन उभं करतं. कागदावर ते लिहा हवं तर.”

असल्या खोलीत आपण होऊन असलं वाक्य बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण बोलले, आणि परत घेतलं नाही.

“मला माझं नव्वद परत द्या. तेही पुरलं नाही तर शंभर द्या, सकाळ-संध्याकाळ विभागून द्या. कमी घेतलं की मी चांगली आई आणि जास्त मागितलं की वाईट, हा तराजू कुणाचा आहे? माझा नाही. माझ्या बाळाचाही नाही. ते काल दुपारी निजलं होतं, माझं पुरतं औषध पोटात गेल्यावर.”

“बरोबर आहे तिचं,” एलीनबाई म्हणाल्या. “या महिन्यांत कमी करायचं नसतं, डॉक्टर. उलट बऱ्याच जणींचं वाढवावं लागतं.”

डॉक्टर ब्लेअरांचे कान लाल झाले. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. “एकदम नव्वद देता येणार नाही,” ते म्हणाले. “टप्प्याटप्प्याने चढवू. रोज कुणीतरी बघितलं पाहिजे.”

“तेच सांगतेय. बाटल्या परत घ्या. सहाच्या सहा.”

गिलियनबाईंनी मान वर केली. बाटल्या परत देणं म्हणजे काय हे त्यांनाही माहीत होतं. एवढ्या वर्षांची कमाई. सातव्या महिन्यात रोज तो चढ.

“मी रोज येईन. पेट्रीबाईंसमोर पिईन, बोलून दाखवीन. घरात औषधाचा थेंब नसेल तर पेटी नको, किल्ली नको. मग माझ्या आईला मिरनजवळ राहू द्यायला अडचण काय?”

“लॉर्ना, तुमच्या आईने तुमचं औषध…”

“माझ्या आईने चुकीच्या बाटलीत चमचा घातला. मिरनच्या ताटात कधी वाकडा चमचा गेलेला नाही. माझं माप तिच्या हातात नको. माझं पोर असू दे.”

आईने पर्स उघडली, आत बघितलं, काही न काढता पुन्हा बंद केली.

गिलियनबाई बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, न सांगता कधीही घरी येऊन बघेन. घरात औषध ठेवायचं नाही. तेवढं पाळलं तर मिरन आजीजवळ राहील.

“आणि बाळ?”

“बाळ तुमच्याबरोबर घरी जाईल, असं माझं आजचं मत आहे. आजचं.”

आजचं तर आजचं. मी ते घेतलं.

बसथांब्यावर वारा होता. सीगल पक्षी चिप्सच्या एका कागदासाठी भांडत होते. आईने गळ्यातली किल्ली काढली, माझ्या कोटाच्या खिशात टाकली आणि समोर बघत म्हणाली, “शंभर! बाईसाहेबांना शंभर हवेत.”

“लागले तर लागले.”

“बापावर गेलीस.”

“तो चोरून प्यायचा, आई. मी टेबलावर हात आपटून मागते.”

ती हसली नाही. बस वळणावर दिसली तेव्हा हळूच म्हणाली, “मांजरासारखं रडायची गं ती.”

“माहितीये. मलाही ऐकू यायचं. मी पडून होते, बहिरी नव्हते.”

तिने माझ्या कोपरात हात घातला. बसमध्ये चढताना तिनेच आम्हा दोघांना वर ओढलं, मला आणि बाळाला.

आता रोज सकाळी शाळेआधी मी आणि मिरन चढ चढतो. मी तीनदा थांबते, ती तीनदा पुढे पळून परत येते. बैठकीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी रांग लांब होती. डोडने मिरनला लिमलेटची गोळी दिली आणि मला नेहमीचं विचारलं, “कितीवर आलीस?”

“पंचाहत्तर.”

“वा! नव्वदवरून पंचाहत्तर! शाब्बास गं पोरी.”

“साठवरून,” मी म्हणाले. “चढतेय मी.”

रांग वळून बघायला लागली. चढतेय असं त्या रांगेत कुणी मोठ्याने म्हणत नाही. मागून कुणीतरी च्-च् केलं. मी मागे वळून, पोट पुढे काढून, त्या च्-च् करणाऱ्या तोंडाकडे बघत पुन्हा सांगितलं. “चढतेय. नव्वदपर्यंत. वाटलं तर पुढेही.”

डोडने आपल्या कापणाऱ्या हातांकडे बघितलं आणि ते खिशात घातले. जरा वेळाने मला म्हणाला, “पस्तीसला मला झोप येत नाही, बयो. कुणाला सांगितलं नव्हतं.”

“मग आत गेल्यावर पेट्रीबाईंना सांग.”

खिडकीपाशी मिरन माझा कोट धरून उभी होती. मी प्याले, पाणी प्याले. पेट्रीबाई म्हणाल्या, “बोल काहीतरी,” आणि मी म्हणाले, “माझी मुलगी आज शाळेत गोष्ट सांगणार आहे.” मिरन लाजून कोटात शिरली.

बाहेर आल्यावर ती माझ्या बोटाला धरून चालत होती. गोळी एका गालात, विचार दुसऱ्या गालात. धुकं वर उचललं गेलं होतं आणि खाली नदीवरचा पूल अख्खा दिसत होता.

“मम्मी, तू हिरवं पितेस ते बाळाकडे पण जातं?”

“जातं थोडं.”

“मी तुझ्या पोटात होते तेव्हा माझ्याकडे पण यायचं?”

“यायचं.”

तिने दोन पावलं टाकली. “मग बाहेर आल्यावर मी थरथरत होते. काचेच्या पेटीत. आजी सांगत होती स्वयंपाकघरात.”

तर त्या सकाळी ती झोपलेली नव्हती. मी खाली वाकले, जेवढं वाकता येतं तेवढं, आणि तिचा मफलर नीट केला. नीटच होता. “हो,” मी म्हणाले. “थोडे दिवस. आजी तुझी पावलं धरून बसायची, मग उठता आलं तसं मीही. मग तू थांबलीस. आणि मग आपण घरी आलो.”

माझ्याकडे उत्तरं तयार होती. आकड्यांची होती, औषधांची होती, बैठकीत बोलले ती सगळी होती. मिरनने गोळी या गालातून त्या गालात नेली आणि माझ्या डोळ्यांत बघून विचारलं,

“तेव्हा मला खूप दुखत होतं का गं?”